नवरदेवाच्या सोफ्यावरचा क्लेम

"बसा मॅडम, बसा! खास तुमच्यासाठी काढला हा."

नामदेवराव धापा टाकत होते. लाल मखमलीचा, सोनेरी हातांचा, लग्नात नवरा-नवरीला स्टेजवर बसवतात तो सोफा त्यांनी गोडाउनमधून अंगणापर्यंत एकट्यानं ओढत आणला होता. मी हेल्मेट काढत गेटजवळ उभी. मणक्याचं फ्रॅक्चर झालेला, काम करू न शकणारा माणूस बघायला मी वर्ध्याहून नाचणगावला आले होते. आणि तो माणूस माझ्यासाठी सोफा ओढत होता.

बसले बापडी. दुसरं काय करणार? भर दुपारी, कडुलिंबाखाली, एकटीच, नवरीसारखी.

मी क्लेम इन्व्हेस्टिगेटर आहे. विमा कंपनीला एखाद्या क्लेमबद्दल शंका आली की कंपनी मला पाठवते. मी जाते, बघते, विचारते, रिपोर्ट लिहिते. लोकांना वाटतं मी पैसे अडवायला येते. कंपनीला वाटतं मी लोकांच्या बाजूनं लिहिते. दोन्हीकडून शिव्या खाऊन मी बरी जाडजूड झाले आहे.

ही केस पर्सनल अ‍ॅक्सिडेंट पॉलिसीची होती. अपघात विमा. लोक समजतात की हा मेल्यावर मिळतो. तसं नाही. अपघातात हात, पाय, डोळा कायमचा गेला तरी मिळतो. आणि काही पॉलिसींत आणखी एक कलम असतं, ते कोणी वाचत नाही. टीटीडी म्हणतात त्याला. टेम्पररी टोटल डिसॅबिलिटी. म्हणजे माणूस बरा होणार आहे, पण तोवर त्याला काहीच काम करता येत नाही. अशा वेळी कंपनी दर आठवड्याला ठरलेली रक्कम देते. घर चालावं म्हणून. डॉक्टरनं फिट म्हटलं की बंद.

यातला 'टोटल' हा शब्द फार खाष्ट आहे. थोडं थोडं काम जमतं म्हणालात, की संपलं. हा नियम खोटारड्यांसाठी केलेला आहे. खोटारडे तो पाठ करून येतात, खाटेवर कण्हत पडून राहतात आणि पैसे घेऊन जातात. अडकतात ते खरे.

नामदेवरावांचं नाचणगावात बिछायत केंद्र. आमच्याकडे मंडप, सतरंज्या, खुर्च्या, भांडी भाड्यानं देणाऱ्या दुकानाला बिछायत केंद्र म्हणतात. मालक तेच, मजूर तेच. हिवाळ्यात एका लग्नाचा मांडव बांधताना ते शिडीवरून पाठीवर पडले. मणका दबला. मोठ्या दवाखान्यात महिनाभर होते. डॉक्टरनं कमरेचा पट्टा दिला आणि सांगितलं, पुढचे सहा महिने वाकायचं नाही, उचलायचं नाही, शिडीकडे बघायचंसुद्धा नाही.

क्लेम त्यांच्या मुलीनं, वैशालीनं भरला. कागद सगळे चोख. मग कंपनीच्या कॉल सेंटरमधून व्हेरिफिकेशनचा फोन गेला. त्याचं रेकॉर्डिंग मला पाठवलं होतं.

"सर, आता तब्येत कशी आहे?"

"एकदम फस्ट क्लास!"

"सर, तुम्ही सध्या काम करता का?"

"काऊन नाई करणार? परवाच मोठा मांडव टाकला. काही फिकर करू नका, सगळं मजेत हाये."

हे ऐकून नागपूरच्या आमच्या क्लेम मॅनेजरनं, चौबे साहेबांनी, मला फोन केला. "मॅडम, हा आदमी स्वतःच बोलतोय की काम करतो. एक चक्कर मारा आणि बंद करा फाइल."

तर अशी मी तिथं पोचलेली. आणि एक घोळ मी पोचल्या पोचल्याच करून ठेवला होता. आमच्या मोबाइल अ‍ॅपचा नियम असा की घरासमोर आलं की आधी घराचा फोटो काढायचा. काढल्या क्षणी तो नागपूरला जातो. पुसता येत नाही, परत घेता येत नाही. मी गेटमधून सवयीनं काढला. त्या फोटोत घर होतं, कडुलिंब होता, आणि मधोमध सोफा ओढणारे नामदेवराव होते.

"काका, तुम्ही पण बसा ना," मी म्हटलं.

"नाई नाई. मी उभाच बरा."

माणूस नटून थटून उभा होता. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, ताजी दाढी, कपाळाला गंध. चेहऱ्यावर हसू आणि कपाळावर घाम. एवढ्यात त्यांच्या बायको, कमलाबाई, पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या, आणि सोफा पाहून जागीच थबकल्या.

"अवो! हे कोणी आनलं बाहेर?"

"चूप बस," नामदेवराव दातांत बोलले. "पाव्हण्यायसमोर नको."

मी प्रश्न सुरू केले. पाठ दुखते का? नाही. झोप लागते? ढाराढूर. पट्टा कुठे आहे? कोणता पट्टा? मला राग यायला लागला होता. क्लेम भरायचा, मग मला उन्हात वीस-बावीस मैल पळवायचं, आणि वर म्हणायचं मला काही झालंच नाही! मी पेनाचं टोपण लावायला गेले. ते माझ्या हातून खाली पडलं.

"राहू द्या," मी म्हणाले.

पण पाहुणीचं टोपण मातीत पडलेलं कसं चालेल? नामदेवराव वाकले.

वाकले ते वाकलेच. वर येईनात. तोंडातून फक्त "हाय माय" एवढं निघालं. दोन्ही हात गुडघ्यावर, चेहरा राखेसारखा, आणि डावा पाय थरथर कापायला लागला. कमलाबाईंच्या हातचा तांब्या गेला. आम्ही दोघींनी दोन्ही बाजूंनी धरून त्यांना कसंबसं हलवलं. ठेवायचं कुठे? जवळ होता तो एकच. मी बसले होते त्या मखमली सोफ्यावर त्यांना आडवं केलं. पाय सोनेरी हातावरून बाहेर लोंबत होते.

डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या अवस्थेत ते मला काय म्हणाले असतील?

"माफ करजा मॅडम. तुमची जागा घेतली मी."

खरं सांगते, माझा राग तिथंच विरला. मी दुसरा फोटो काढला, कारण तो काढावाच लागतो.

कमलाबाई गोडाउनमध्ये धावल्या आणि खुर्च्यांच्या कव्हरांच्या गठ्ठ्यातून पट्टा ओढून घेऊन आल्या. तो बांधता बांधता त्यांची जी गाडी सुटली!

"सक्काळी उठून पयले पट्टा लपवला यायनं! मी म्हटलं, काऊन लपवता? तर म्हणे, इवायाकडचे लोक येऊन राह्यले, त्यायच्यासमोर पट्टा घालून उभा राहू का?"

इवाई म्हणजे व्याही. मी इकडे तिकडे पाहिलं. "कोण येणार होतं?"

"तुमीच!" कमलाबाई म्हणाल्या.

मग हळूहळू उलगडा झाला. ही पॉलिसी विकली होती त्यांच्या जावयानं, वैशालीच्या नवऱ्यानं. प्रफुल त्याचं नाव, आर्वीला असतो, विमा एजंट आहे. मार्चमध्ये टार्गेट पुरं होत नव्हतं म्हणून सासऱ्याची पॉलिसी काढली. सासऱ्यानं 'जवाई म्हणतात तर काढा' म्हणून सही केली. तेव्हापासून नामदेवरावांच्या लेखी ती कंपनी जावयाची. कॉल सेंटरची मुलगी जावयाकडची. आणि मी जावयाकडची पाहुणी, तीही बाईमाणूस, पहिल्यांदाच घरी आलेली. मग प्लॅस्टिकची खुर्ची कशी द्यायची?

"काका," मी खाली ओट्यावर बसत म्हटलं, "पण निदान खरं तरी सांगायचं. तुम्ही फोनवर म्हणालात मांडव टाकला."

"मंग काय सांगू? पोरीच्या सासरी सांगू का, तुमचा इवाई लुळा झाला?" सोफ्यावरून आवाज आला. "अन ते पैसे मले नकोच हायेत. वैशालीनं मले न सांगता फारम भरला. मी समजलो दवाखान्याचा कागद हाये, सही करून देल्ली."

"नको? का नको?"

"पोरीच्या घरचं आमी पाणी पीत नाई, बाई. लग्न झाल्यापासून आर्वीले गेलतो तर जेवाचा डबा घरून नेला. अन आता दर आठवड्याले जवायाच्या कंपनीतून पैसे घेऊ? लोक थुंकतीन माह्यावर."

कमलाबाईंनी मला डोळ्यानंच खूण केली आणि आत स्वयंपाकघरात बोलावलं. चहाचं आधण ठेवता ठेवता त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, यायनं वैशाखातले तीन मांडव घेऊन ठेवले. मले चोरून. पैसे नाई आले तर हे माणूस शिडीवर चढतेच. अन डॉक्टर म्हणे, आता पडले किंवा वजन उचललं तर पाय कायमचा जाईन. मी काय करू? रातभर झोप नाई मले." पदर तोंडाला लावून त्या उभ्याच राहिल्या.

आता माझ्यापुढचा प्रश्न बदलला. माणूस आजारी आहे का, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण घ्यायलाच तयार नसलेल्या माणसाला विमा कसा द्यायचा, याचं ट्रेनिंग मला कोणी दिलेलं नव्हतं.

बाहेर येऊन मी त्यांना त्यांच्याच धंद्यातून समजवायला बसले.

"काका, गावात इतकी घरं. प्रत्येकाच्या घरी दोनशे खुर्च्या असतात का?"

"कायले असतीन?"

"मग लग्नात येतात कुठून?"

"माह्या गोडाउनातून."

"बरोबर. सगळे थोडं थोडं भाडं देतात, त्यातून खुर्च्या राहतात. ज्याच्या घरी कार्य, तो नेतो. विमा तसाच. सगळे थोडा थोडा प्रीमियम देतात, ज्याच्यावर वेळ येते त्याच्याकडे पैसे जातात. खुर्ची मोजून देणारा तुमचा माणूस असतो, म्हणून खुर्च्या काय त्याच्या झाल्या? तसा तुमचा जावई. तो फक्त पावती फाडतो."

मला माझं उदाहरण फार आवडलं. नामदेवरावांनी विचार केला.

"पण भाडं देल्लं त्यानंच खुर्ची न्यावी ना?"

"हो. तुम्ही दिलंय ना!"

"मी कुठं देल्लं? पयल्या सालचं जवायानंच भरलं."

घ्या! एजंटनं ग्राहकाचा प्रीमियम स्वतः भरायचा नसतो. नियमात बसत नाही. पण ती पहिल्या वर्षाची पॉलिसी केव्हाच संपलेली होती, आणि चालू वर्षाचा प्रीमियम नामदेवरावांच्याच खात्यातून गेलेला फाइलमध्ये दिसत होता. शिवाय मला मणका बघायला पाठवलं होतं. मी कडुलिंबाकडे बघू लागले.

कमलाबाई मात्र चहाचा ट्रे आपटत म्हणाल्या, "जवायानं भरला, हाव! अन त्या दिवाळीले अंगठी कोणाच्या बोटात घातली? सोन्याची? ते काय फुकटात आलती? त्यायचं त्यायले केव्हाच परत गेलं, वर याजासकट!"

"ते मानाचं होतं."

"मंग हे बी तुमच्या मानाचं समजा!"

पटेना. मी यंदाचा प्रीमियम त्यांच्याच खात्यातून गेल्याचं सांगितलं, पॉलिसीची कलमं सांगितली, कायदा सांगितला, घसा कोरडा केला. शेवटी वैतागून प्रफुलला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. सगळा प्रकार सांगितला. मग तो म्हणाला,

"मामाजी, ऐका. यातला एक रुपया माझ्या खिशातून जात नाही. जात असता तर मी तुमचा क्लेम आपल्या हातानं रिजेक्ट केला असता."

नामदेवरावांनी सोफ्यावर मान वळवून बायकोकडे पाहिलं. माझ्या समजावण्यानं, कायद्यानं, खुर्च्यांच्या उदाहरणानं जे झालं नव्हतं, ते या वाक्यानं झालं. जावयाच्या चिकटपणावर त्यांचा पूर्ण विश्वास होता.

"हे मात्र खरं हाये," ते म्हणाले. "मंग ठीक."

संध्याकाळी घरी पोचते न पोचते तोच चौबे साहेबांचा फोन.

"मॅडम! तुमचा पहिला फोटो पाहिला. हा तर सोफा उठवून राहिला! एकदम पहलवान!"

"साहेब, दुसरा फोटो बघा."

"पाहिला ना. दुसऱ्यात सोफ्यावर लेटला आहे. मजेत. आराम चालू आहे राजासारखा."

कपाळावर हात मारला मी. सगळी हकिकत सांगितली. साहेब ऐकून घेतात, हा त्यांचा गुण आहे. आणि ऐकून झाल्यावर पहिलं मत कायम ठेवतात, हा दुसरा.

"म्हणजे आता जी तकलीफ आहे ती सोफा उठवल्याची. अ‍ॅक्सिडेंटची नाही. ही तर आणखीनच कच्ची केस झाली."

"साहेब, तो सोफा त्यांनी माझ्यासाठी उचलला. तुमच्या इन्व्हेस्टिगेटरसाठी. मी गेलेच नसते तर उचलला नसता."

"पण उठवला ना? पॉलिसी काय म्हणते? टोटल. जो सोफा उठवू शकतो तो काम करू शकतो."

"साहेब, एक विचारू? मागल्या थंडीत तुमच्या मुलीचं लग्न झालं. तुम्हाला ताप होता, दोन दिवस आधीच ऑफिसातून घरी जाऊन आडवे झाला होतात."

"तो क्या हुआ?"

"लग्नात मी आले होते. मुलाकडच्यांच्या मागे तुम्ही स्वतः पुरीची टोपली घेऊन फिरत होतात. तेव्हा फिट होतात का तुम्ही?"

"तो अलग मामला होता," साहेब म्हणाले. मग जरा खालच्या आवाजात, "दुसऱ्या दिवशी सलाइन लागली होती मला."

"तेच म्हणते आहे मी."

"ठीक आहे, ठीक आहे. डॉक्टरकडून नव्यानं लिहून आणा. आणि रिपोर्ट तुम्ही नीट लिहा. सोफ्याचं लपवू नका, अ‍ॅपमध्ये आलंय."

लपवायचा प्रश्नच नव्हता. दोन दिवसांनी मी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी नामदेवरावांना पुन्हा तपासलं, जुने-नवे एमआरआय शेजारी ठेवून पाहिले. मणका शिडीवरून पडला तेव्हाच दबलेला, सोफ्यानं नवीन काही मोडलेलं नाही, फक्त जुनं दुखणं चेतवलं, असं लिहून दिलं. आपल्या धंद्यातलं कुठलंही काम हा माणूस सध्या करू शकत नाही, हेही लिहिलं. वर मला म्हणाले, "पुढच्या वेळी जाल तेव्हा घरून खुर्ची घेऊन जा."

रिपोर्टमध्ये मी सोफा लिहिला, टोपण लिहिलं, लपवलेला पट्टा लिहिला. निष्कर्षात लिहिलं, दावेदार काम करण्यास पूर्ण असमर्थ आहे, आणि ते लपवण्यासही असमर्थ आहे. चौबे साहेबांनी दुसरा अर्धा भाग खोडला आणि क्लेम पास केला.

पहिल्या आठवड्याचे पैसे जमा झाले त्याच दिवशी कमलाबाईंनी वैशाखातले तिन्ही मांडव पुलगावच्या दुसऱ्या बिछायतवाल्याला देऊन टाकले. शिडी शेजारच्या घरी ठेवली, आणि शेजाऱ्याला बजावलं की यायनं मागितली तर देऊ नका.

डॉक्टरनं फिटचा दाखला दिला तेव्हा फाइल बंद करायला मी पुन्हा नाचणगावला गेले. मला भीती सोफ्याची. पण अंगणात साधी प्लॅस्टिकची खुर्ची होती. नामदेवराव स्वतःच्या पायानं चालत गेटपर्यंत आले. सावकाश, पण ताठ. डावा पाय व्यवस्थित टेकत होता. तो पाय बघून मला काय वाटलं ते मी रिपोर्टमध्ये लिहू शकले नाही, इथं लिहिते. फार बरं वाटलं.

सह्या झाल्या, चहा झाला. मी उठले तशा कमलाबाई आतून ताट घेऊन आल्या. खण, नारळ, हळदकुंकू आणि घडी न मोडलेलं हिरवं लुगडं.

"हे काय?"

"पयल्यांदा आलते तवा राहून गेलं. घ्या."

"नाही हो काकू, मला चालत नाही. क्लेमवाल्याकडून काही घ्यायचं नसतं आम्ही. कंपनीचा नियम आहे."

"काऊन नाई घ्यायचं?" नामदेवरावांनी विचारलं. "तुमच्या हक्काचं हाये."

"हक्काचं असो, पण कोणी ऐकलं तर काय म्हणेल? इन्व्हेस्टिगेटर बाई घेऊन गेली म्हणतील. तोंड दाखवायला जागा राहायची नाही मला."

बोलून गेले आणि मग लक्षात आलं. नामदेवराव पट्ट्यावर हात ठेवून हसत होते. जपून हसत होते, पण मनापासून.

"मी बी तेच म्हणत होतो ना बाई," ते म्हणाले. "सोफ्यावरून."

मी हळदकुंकू लावून घेतलं, लुगडं ताटातच ठेवलं आणि मुकाट्यानं स्कूटी सुरू केली.

धडा म्हणाल तर एवढाच. आमच्या इन्व्हेस्टिगेशनच्या फॉर्मात बरेच प्रश्न आहेत. एक मी माझ्या मनानं वाढवला आहे आणि तो गेटमधूनच विचारते, फोटो काढायच्या आधी. पॉलिसी विकणारा तुमचा कोण लागतो? जावई, असं उत्तर आलं, की कोणी काही आणायच्या आत मी सरळ जमिनीवर मांडी घालून बसते.